प्रेताचं काम

प्रेताला नुसतं पडून राहायचं होतं, पण कुणाची पापणी लवत होती, कुणाचं पोट हलत होतं. वैतागलेल्या दिग्दर्शकाने शेवटी चहावाल्या बाईलाच आडवं केलं. खलनायकाने तिला बुटाने ढोसलं, तो कानाशी ओरडला, तरी बाई ढिम्म हलली नाही.

"जन्मजात नटी आहेस! उद्यापासून बोलायचं काम देतो. शिकलीस कुठे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"घरीच." कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यावर स्वतःला पाहून ती काकुळतीला आली. "साहेब, काम द्या नाहीतर नका देऊ, पण यात माझं तोंड दाखवू नका. नवरा पिऊन आला की मी अशीच पडून राहते. झोपलीय समजून तो हात आवरतो. त्याने हे पाहिलं, तर त्याला कळेल हो!"