फुकटचं फूल

आर्मेनियात येरेवानच्या टेकडीवरच्या स्मारकात वंशसंहारातल्या मृतांना फुलं वाहायला रांग होती. वार्सेनिकने आजोळच्यांसाठी सहा कार्नेशन घेतली. फूलवाल्याने प्रेमाने सातवं घातलं, हे तिला स्मारकातल्या अखंड ज्योतीजवळ कळलं. तिथली रीत अशी: मृतांना फुलं सम, जिवंतांना विषम. परत नेणंही बरं दिसेना. "एक घेता?" शेजारच्या बाईला विचारलं. "आजी, माझी दहा आहेत. अकरा करू?" पहाऱ्यावरच्या पोलिसापुढे फूल धरलं, तर त्याने हात पाठीमागे बांधले. "फेकून दे," नवरा मिहरान म्हणाला. "इथे? अक्कल घरी ठेवून आलास?" मागची रांग कुरकुरली. मिहरानने एक फूल काढून घेतलं, सहा तिला वाहू दिली. मग सातवं पुढे केलं. "त्या घरातून तुझी आईच वाचली, म्हणून तू आहेस. जिवंतांचं फूल तुझं." वार्सेनिकने डोळे पुसले. "पन्नास वर्षांत पहिलं फूल दिलंस मेल्या, तेही फुकटचं!" टेकडी उतरताना तिने आपली काठी त्याच्याकडे धरायला दिली, फूल नाही.