एकोणचाळीस नंबरची नोंद

फोन आला तेव्हा फिटर शिडीवर होता. तोंडात नट धरलेला, त्यामुळे बोलता येईना.

"भाऊजी, आधी खाली उतरा," पलीकडून मेहुणा, बायकोचा भाऊ, म्हणाला.

तो उतरला. मग मेहुण्याने सांगितलं. ताई गेली. हायवेच्या वळणावर. स्कूटर रस्ता ओलांडत होती आणि गाडी आली.

गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी सोडलं. त्याचा वेग अठ्ठ्याण्णव निघाला आणि वळणाआधीच्या बोर्डावर शंभर होतं. तो बोर्ड फिटरनेच लावलेला. दीड वर्षापूर्वी वेगमर्यादा ऐंशीवरून शंभर केली तेव्हा. त्या दिवशी बायको म्हणाली होती, "त्या वळणावर शंभर? कुणीतरी जाईल हो एखाद दिवशी."

"आकडा साहेब ठरवतात," तो म्हणाला होता. "मी नट आवळतो."

पंधरा दिवसांनी मेहुणा घरी आला. तो स्वतः ट्रक चालवायचा. बराच वेळ बूट काढत बसला.

"भाऊजी, तुम्हाला माहितीये, मी शंभरच्या बाजूचा. मोकळ्या रस्त्यावर साठने रेंगाळलं की डुलकी लागते. यावरून ताईशी माझी किती भांडणं झाली. पण आता ऐका. त्या वळणाचा शंभर रद्द झाला होता. साठ केला होता."

"कधी?"

"ताई जायच्या तीन आठवडे आधी. साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. सांगितलं आणि लगेच म्हणाला, माझं नाव घेऊ नका."

फिटरने विचारलं, "मग बोर्ड कुठंय?"

"तेच तर. कुणीतरी दाबून ठेवला. माल लवकर पोचवायची घाई कुणाला असते? त्यांनी साहेबांना गाठलं असणार."

"बघतो."

"बघतो नको आता!" मेहुणा उसळला. "ताई तुम्हाला बघतोराव उगाच म्हणायची का? नळ गळतोय? बघतो. छप्पर टपकतंय? बघतो. मागे ठेवलंय ते बघा हो? बघतो. एकदा तरी करा काहीतरी!"

फिटरला राग आला नाही. बायको हे सगळं त्याच चालीत म्हणायची.

त्याने पोलिसांना द्यायला अर्ज लिहिला. हुकूम निघूनही ज्याने बोर्ड अडवून ठेवला, त्याच्यामुळे माझी बायको गेली, त्याच्यावर गुन्हा नोंदवा. नावाची जागा कोरी ठेवली. मेहुण्यासमोर बायकोच्या फोटोवर हात ठेवून म्हणाला, "हा माणूस सापडू दे. कुणीही असो, सोडणार नाही."

रस्ते खात्याच्या ऑफिसात जावक रजिस्टर एका बाईंच्या ताब्यात होतं. वीस वर्षांची ओळख. फिटरला बघून त्या उभ्या राहिल्या. कधी राहायच्या नाहीत.

"कसे आहात, भाऊ?"

"रजिस्टर दाखवा."

त्यांनी ते पुढे सरकवलं, पण हात वरच ठेवला. फिटरने तो हळूच बाजूला केला. एका पानावर एकच हुकूम. या पानावर अडतीस नंबर. पुढच्या पानावर चाळीस. मध्ये शिवणीला चिकटलेली कागदाची बारीक पट्टी.

"एकोणचाळीस कुठंय?"

"राहिला असेल चुकून."

"तुमच्या हातून? बाई, वीस वर्षांत तुमचा स्वल्पविराम चुकला नाही."

बाईंनी रजिस्टर मिटलं आणि पाणी प्यायला गेल्या. तांब्या टेबलावरच होता.

फिटर साहेबांच्या खोलीत गेला आणि खिशातला अर्ज दाखवला. साहेबांनी दार लावून घेतलं.

"पान मी फाडलं," ते म्हणाले.

फिटरला हे इतक्या लवकर ऐकायची अपेक्षा नव्हती. "कुणाला वाचवताय?"

"अर्ज देऊ नका."

"धमकी देताय?"

"विनंती करतोय. उद्या तुम्हालाच वाटेल, दिला नसता तर बरं झालं असतं."

"म्हणजे धमकीच," फिटर म्हणाला आणि दार उघडून बाहेर पडला. सगळ्या टेबलांवरची माणसं एकदम कामाला लागली. एकानेही मान वर केली नाही. त्याला वाटलं, सगळे सामील आहेत.

घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

"नसेल बोर्ड त्यांच्याकडे, तर मी करतो," तो मेहुण्याला म्हणाला. "एखाद्या जुन्या पत्र्यावर साठ रंगवतो आणि आजच लावतो. नोकरी गेली तर गेली."

"हे बरं बोललात," मेहुणा म्हणाला. "मी शिडी धरतो."

घरामागे त्याची शेड होती. खात्याकडून आलेले आणि रस्त्यावरून काढलेले पत्रे तिथेच असायचे, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. चकाकत्या बाजूला ओरखडा पडला की पत्रा वाया जातो. बायकोलाही हे पाठ होतं. तो कामावर असला की आलेला पत्रा ती स्वतः तसाच लावून ठेवायची.

फिटरने रंगाचा डबा हलवून बघितला. ब्रश झटकला. मग सगळ्यात पुढचा पत्रा दोन्ही हातांनी धरून फिरवला.

त्यावर नव्याकोऱ्या रंगात साठ लिहिलेलं होतं.

शून्याच्या पोटात कामाची चिठ्ठी चिकटवलेली. जावक नंबर एकोणचाळीस. फिटर यांस, वळणावरचा शंभर काढून हा लावणे, तातडीचे. खाली अपघाताच्या वीस दिवस आधीची तारीख आणि पत्रा घेणाऱ्याची सही, बायकोची.

"काय झालं, भाऊजी?" मेहुण्याने बाहेरून विचारलं. "सापडला का पत्रा?"

बोर्ड त्याने त्याच दुपारी लावला. अर्ज खिशात आहे. नावाची जागा अजून कोरी आहे.