भट्टी उघडल्यावर

मातीच्या भांड्यांना नवी झिलई चढवायची म्हणून लेकीने वर्षभर नाना रंग, राख, भुसा सगळं करून पाहिलं. पण दर खेपेला भांडी निघायची ती मळकट तपकिरीच. त्या दिवशी भट्टी ऐन रंगात असताना, तिची पाठ वळलेली बघून बाबांनी आत काहीतरी टाकलं.

"बाबा, माझ्या प्रयोगात लुडबुड करू नका म्हणून किती वेळा सांगू?" चाहूल लागताच ती वळून खेकसली.

"अगं, चिडतेस काय? भट्टी उघडू दे, मग सांगतो गंमत," बाबा मिशीतल्या मिशीत हसले.

भट्टी निवायच्या आतच बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा मात्र गेली. त्यांना घरी आणल्यावर लेकीने भट्टी उघडली, तर एकेका वाडग्यावर निळ्या-जांभळ्या लाटा उमटलेल्या! असं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मिठाची बरणी घेऊन ती धावतच बाबांच्या खाटेपाशी गेली. "बाबा, हे टाकलं होतं का तुम्ही?"

बाबांनी हसून मान डोलावली. ती हरखली. मग आपली खात्री करावी म्हणून तिने कोळशाची पूड दाखवली. बाबांनी मान डोलावली. तिने तांब्याचा चुरा दाखवला, वाळलेली सालं दाखवली. प्रत्येक वेळी बाबा तसेच हसून मान डोलावत राहिले.

शेवटी तिने नुसताच रिकामा हात पुढे केला. "हे का, बाबा?"

 

बाबांनी आणखीच आनंदाने मान डोलावली.