गाठीतली सुपारी

सर्जेरावांनी भिंतीवरची तीन बटणं दाबून पाहिली, तेव्हा कुठं पंखा फिरला.

"नीट बस ना, बद्री. असा कडेला काय टेकला?"

बद्रीनाथ कडेलाच राहिला. धावड्याहून येताना धोतरावर बसलेली एसटीतली धूळ सोफ्याच्या त्या पांढऱ्या गादीवर उमटेल, ही धास्ती. चपला त्यानं फाटकाबाहेरच काढल्या होत्या. उपरण्याच्या गाठीत बायकोनं, गोजरबाईनं, बांधून दिलेली सुपारी होती.

ती फोडायलाच तो आला होता. बहात्तरच्या दुष्काळात दोघं एकाच ढिगावर खडी फोडायचे, एकाच फडक्यात भाकरी बांधायचे. दोघांच्याही बायका पोटुशा होत्या. "एकाला पोरगा, एकाला पोरगी झाली तर सोयरीक पक्की," सर्ज्या म्हणाला होता, आणि कांदा-भाकर खाता खाता दोघं ठसका लागेपर्यंत हसले होते. पुढं सर्ज्या पोट भरायला जालन्याला गेला, तो तिकडचाच झाला. परवा गावातला कचरू बाजाराहून सांगत आला, "आपला सर्ज्या बंगल्यात ऱ्हातो. फरशी अशी, की तोंड दिसतं."

त्या फरशीत बद्रीनाथला आता आपलंच तोंड दिसत होतं. 'सर्ज्या' ही हाक ओठांपर्यंत यायची आणि माघारी फिरायची.

"तुम्ही बी वर बसा ना, सर्जेराव."

"मला खालीच बरं वाटतं." सर्जेराव भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते.

एवढं सगळं मिळालं, तरी माणूस बदलला नाही. बद्रीनाथला भरून आलं.

नंदावहिनी मागच्या दारानं चहा घेऊन आल्या, स्टीलच्या पेल्यांत.

"कपबशा कपाटात बंद हायेत, भावजी."

"बरं केलं, वहिनी. माझ्या हातून फुटली असती एखादी."

वहिनी हसल्या आणि आल्या तशा मागं गेल्या.

"तुमचा शिवाजी दिसत न्हाई?"

"गाडी घेऊन पुण्याला गेलाय. येईलच." सर्जेरावांची नजर खिडकीतून फाटकाकडं गेली. मग ते हळूच म्हणाले, "तुझी उषी मोठी झाली असंल. खडीवरचं बोलणं ध्यानात हाय का तुझ्या?"

बद्रीनाथनं गाठ चाचपली. हा शब्दाचा पक्का. मागितलं तर न्हाई म्हणायचा न्हाई. पण पोरगी जन्मभर या घरात अशीच कडेला टेकून बसेल, आपल्या बापासारखी.

"हसण्यावारी बोललेलं ते, सर्जेराव. उषीचं आष्टीला जमलंय."

सर्जेरावांनी पेला खाली ठेवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "बापानं चांगलं घर बघायलाच पाहिजे."

बाहेर हॉर्न वाजला. सर्जेराव अनवाणीच धावले. फाटकाची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली आणि बाजूला उभे राहिले. पोरावर किती जीव, बद्रीनाथच्या मनात आलं. तोही उठून दारात आला.

गाडी शिवाजीच चालवत होता. थेट बापाच्या तोंडवळ्याचा, उंचापुरा. तो लगबगीनं खाली उतरला आणि त्यानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं. आतून सफारी घातलेला एक माणूस उतरला. दारातल्या धोतरवाल्याकडं पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"सर्ज्या," तो म्हणाला, "हॉलमधला पंखा कुणी लावला?"