लाल मुठीचा चिमटा

ब्रेकचं काम चालू असताना तेल गळू नये म्हणून नळी आवळून ठेवायचा लाल मुठीचा चिमटा शुक्रवारपासून सापडत नव्हता. मिस्त्रींनी अख्खं गॅरेज डोक्यावर घेतलं होतं. त्यात आज जावयाची चेपलेली गाडी ओढून आणली.

"बाबा, शपथेवर सांगतो, ब्रेक दाबला आणि गाडी आपोआप डावीकडे खेचली गेली."

"माझी पोर तिकडे बेशुद्ध आहे आणि तू गाडीवर ढकलतोस? उजवा ब्रेक शुक्रवारी मी स्वतःच्या हातानं केलाय!"

त्याला खोटं पाडायलाच त्यांनी जॅक लावला आणि पुढचं उजवं चाक काढलं.

जावयानं वाकून नळीकडे बोट दाखवलं.

"बाबा, तुमचा हरवलेला चिमटा हाच ना?"