बॅटरीचं पाणी

पारशिवनीच्या लग्नाहून परतताना मोटार खड्ड्यात आपटली आणि सुरई फुटली. मनोहररावांचे पाय गार झाले, एवढाच त्या पाण्याचा उपयोग. पुढच्या मैलावर रेडिएटर उकळला. डब्यातलं राखीव पाणी ड्रायव्हर मार्तंडनं रेडिएटरच्याच पोटात ओतलं. चौसष्ट सालचा मे, भर दुपार. मनोहररावांच्या म्हाताऱ्या आईचे, रुखमाबाईंचे, ओठ पांढरे पडले.

"समोरच्या वस्तीतून आणू का, साहेब?" मार्तंडनं विचारलं. "विहीर हाये."

"तिथलं आमाले चालत नाही. तुले ठाऊक नाही का?"

ठाऊक नसायला काय झालं! बंगल्यात मार्तंडसाठी पेला वेगळा होता. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून त्यानं त्या पेल्याला बोट लावलं नव्हतं. आणि आईचा तर मनोहररावांना केवढा अभिमान! रोज संध्याकाळी मार्तंडबरोबर मोटारीनं तेलंगखेडीच्या देवळात जाई, दोन तासांनी येई. पण बाहेरचा थेंब घेत नसे.

"मी चालली विहिरीवर," रुखमाबाई म्हणाल्या.

"आई, बस."

"मंग मरू का तुया सोवळ्यापायी?"

मार्तंडनं सीटखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. "बॅटरीचं पाणी हाये."

"तेजाब पाजतं का बे?"

"तेजाब बॅटरी नवी असताना एकदाच पडते, साहेब. मंग निस्तं पाणी टाका लागते. वाफेचं. मशीनीतून निघते, मानसाचा हात लागत नाही. रोज पिऊ नये, त्यात काही सत्त्व नसते; पन घोटभरानं कोनी मरत नाही."

हात लागत नाही म्हटल्यावर मनोहरराव विचारात पडले.

"फडकं काहून ओलं?"

"उन्हानं बाटली तडकते."

विचार संपायची वाट कोण पाहतो? रुखमाबाईंनी बाटली हिसकली, अर्धी रिकामी केली आणि लेकापुढे धरली.

"पी. का भेव लागते?"

आईपुढे भ्यायचं कसं? मनोहररावांनी डोळे मिटून बाटलीचा तळ गाठला. गार. गोड. म्हणजे कारखानेही सोवळं पाळतात तर! त्यांनी समाधानानं मिशा पुसल्या.

रुखमाबाईंनी रिकामी बाटली मार्तंडच्या हाती दिली.

"बायकोले सांगजो गा, मार्तंड," त्या म्हणाल्या, "आज तुमच्या माठात वाळा कालच्यापेक्षा जास्त झाला."