देवदूताचं वजन

फडकं अडकलं. कवडूने तारेच्या दोरावरून ते पुन्हा एकदा फिरवलं. त्याच जागी अडकलं. दोन तारा तुटून वर आल्या होत्या. भिलाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने अवजड लोखंड उचलायला दोर बांधले होते. फडकं फिरवल्याशिवाय काही उचलायचं नाही, ही त्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"फादर, या दोरानं पोरगीले वर चढवत नाही मी."

नाताळच्या नाटकाला पंधरा मिनिटं उरली होती. चर्चचा हॉल भरत आला होता. पांढरा झगा आणि कापसाचे पंख घालून दहा वर्षांची करिष्मा आडोशाला उभी होती. येशूच्या जन्माची बातमी घेऊन ती देवदूत बनून छतातून उतरणार, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. तिची हनुवटी थरथरू लागली. कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फादर सुजय चंद्रपूरकडचे. हळूच म्हणाले, "काका, बावीस किलोची तं पोर हाय. दोर टनभर उचलते म्हणे ना?"

"लोखंड पडलं तं दुसरं आणता येते. तुमच्या त्या देवदूताचं वजन किती असते?"

फादरांना हसू आलं. "त्याले वजन कुठलं? अंगच नसते. निव्वळ आत्मा. माणसाले दिसावं म्हणून रूप घेते."

"पंखाचं?"

"जे समजन ते. कधी साधा वाटसरूच बनून येते. लोकाले पत्ताच लागत नाही."

"मंग त्याले वरूनच काहून उतरवून राहिले तुम्ही?"

फादर करिष्मापाशी उकिडवे बसले, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पंखांच्या गाठी सोडून झगाही काढायला लावला.

पडदा उघडला. शेकोटीभोवती मेंढपाळ बसले. सगळ्यांच्या माना छताकडे. छत रिकामं. फजिती झाली तर ती कवडूमुळेच होणार होती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत शाळेचा स्वेटर घातलेली एक मुलगी खुर्चीवर चढली.

"भिऊ नका! मी आनंदाची बातमी आणली आहे!"

करिष्माचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत खणखणला. माना गर्रकन वळल्या.

कवडूची बायको भागीरथा तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होती. तिचे हात आपोआप जुळले.

"अव माय! आन् मी हिले केव्हाची तिकडं सरक म्हणून राहिली होती!"